आपोआप आलेख ही एआयची देणगी नव्हे

मुंबईतल्या कार्यालयांत एक समज पक्का बसलाय: आकडे दिले की योग्य आलेख स्वतः निवडणं ही अलीकडच्या एआयची करामत. हे साफ चूक आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉक मॅकिनली यांनी १९८६ मध्येच तसा प्रोग्राम मांडला होता, एपीटी नावाचा. डोळ्याला काय अचूक वाचता येतं, या क्रमावर तो चालायचा: आधी स्थान, मग लांबी, मग कोन, क्षेत्रफळ त्यानंतर, रंग तर बराच मागे.

२६ जुलै २००५ चा पाऊस घ्या. सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला ७५ मिमीच्याही आत. गडद-फिकट निळ्या नकाशात नुसतं 'जास्त-कमी' कळतं. शेजारी-शेजारी काढलेल्या दोन स्तंभांच्या आलेखात बारापटींहून मोठी तफावत थेट मोजता येते. आपल्या वर्तमानपत्रांनी हे मनावर घ्यावं, असं फार वाटतं.

टॅब्लो या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमधली 'शो मी' ही आलेख सुचवणारी सोयही मॅकिनली आणि सहकाऱ्यांचीच, २००७ ची.