शालेय आपत्ती सज्जता (मुंबई)

पूर, आग, भूकंप, दरड, साथ अशा संकटांत शाळेतील मुले आणि कर्मचारी सुखरूप राहावेत म्हणून आधी केलेली तयारी, ऐन वेळची हालचाल आणि नंतर शाळा रुळावर आणण्याची व्यवस्था म्हणजे शालेय आपत्ती सज्जता. भारतात या विषयाला निकड आली ती भूजचा भूकंप (२००१) आणि तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेची आग (१६ जुलै २००४, ९४ मुलांचा मृत्यू) यांमुळे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये काढली. देशभरात भर राहिला तो पक्की इमारत, मोकळे जिने आणि आग विझवण्याच्या उपकरणांवर. ते हवेच, पण मुंबईत मुलांचा जीव बहुधा शाळेबाहेरच्या रस्त्यावर धोक्यात येतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात जेमतेम ७३. जोर धरला तो दुपारी दोननंतर, म्हणजे दुपारचे सत्र भरलेले असताना. लोकल बंद, फोन बंद, मिठी नदी वस्तीत. असंख्य मुलांनी ती रात्र वर्गातच काढली. शहरात चारशेहून अधिक माणसे दगावली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुराची कारणमीमांसा केली. पुढे महापालिकेने अग्निशमन केंद्रांसारख्या ठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. पवईच्या आयआयटीत शहरी पुराचा अभ्यास झाला, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि २०२० मध्ये आयफ्लोज ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली.

एवढी माहिती हाती असूनही मुख्याध्यापकापुढचा प्रश्न तोच राहतो: मुलांना सोडायचे की थांबवायचे? जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीत ओकावा प्राथमिक शाळेची ७४ मुले गेली. ती सुमारे ५० मिनिटे मैदानावरच थांबून होती. तिथे उंचावर पळणे हा उपाय होता. मुंबईच्या पुरात पक्क्या इमारतीचा वरचा मजला रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो, त्यातही भरती साडेचार मीटरच्या वर असेल आणि नाल्यांचे पाणी समुद्रात जात नसेल तेव्हा. १८ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारच्या सत्राला ऐन वेळी सुट्टी जाहीर झाली. त्याच दिवशी माटुंग्यात तुंबलेल्या पाण्यात अडकलेल्या शाळेच्या बसमधून पोलिसांनी मुलांना उचलून बाहेर काढले.

सगळ्यात कठीण घटका सत्र बदलतानाची. साडेबाराच्या सुमारास एक सत्र सुटते, दुसरे येऊन ठेपते; फाटकाशी रिक्षा, व्हॅन, छत्र्या घेतलेल्या आया-आज्या, आणि बालवर्गाच्या बाई हजेरीपट छातीशी धरून उभ्या. कोणते मूल कोणाच्या हाती दिले, याची नोंद त्या गर्दीत सुटली तर पुढचे काही तास पालक आणि शाळा दोघेही अंधारात राहतात. म्हणून मूल नेणाऱ्याचे नाव, सही आणि वेळ लिहिणारी वही, व्हॅनवाल्या काकांचे नंबर कागदावर, रात्रभर पुरेल इतके पाणी आणि बिस्किटे, विजेरी आणि महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १९१६ हा क्रमांक, एवढे प्रत्येक शाळेत जूनआधी तयार असायलाच हवे. सरावही दोन्ही सत्रांचा व्हावा. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा असतील तर सर्वांचा एकत्र. नाहीतर खरी वेळ आल्यावर तीन घंटा वाजतात आणि जिना एकच असतो.

पालिकेच्या काही शाळा पावसाळ्यात तात्पुरते निवारे म्हणूनही राखल्या जातात. तिथे वर्ग पुन्हा भरण्याआधी टाक्या धुणे, वीजजोडण्या तपासणे, स्वच्छतागृहे साफ करणे ही कामे उरकावी लागतात. २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली होती. या आजाराची लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. त्यामुळे पाणी ओसरल्यावर निदान दोन आठवडे वर्गशिक्षकांनी तापाने गैरहजर असलेल्या मुलांची यादी रोज काढून वॉर्डाच्या आरोग्य विभागाला कळवणे, हाही सज्जतेचाच भाग ठरतो.