मागच्या सीटवरचं रडणं

बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाले त्या आठवड्यातली गोष्ट. स्वारगेटहून कात्रजच्या बसमध्ये मागच्या सीटवर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आणि मला पान्हा फुटला. ओढणी सावरत उभी राहिले. माझं बाळ तिकडे घरी आजीच्या मांडीवर गाढ झोपलेलं.

शरीरात हे कसं घडतं, याचा माग न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांच्या माद्यांमध्ये काढला. पिल्लांचं रडणं कानावाटे मेंदूतल्या थॅलॅमस या भागात पोचतं, तिथून हायपोथॅलॅमस या दुसऱ्या भागाला निरोप जातो आणि ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या बारीक पेशी आवळतात, दूध उतरतं. यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. एखाद्या चीत्काराने काहीच होत नाही. रडणं अर्धा मिनिट सलग चालू राहिलं, तरच ही यंत्रणा जागी होते आणि मग पाचेक मिनिटं जागी राहते. दूध ही शरीराची कष्टाची कमाई, ती उगाच सांडायची नाही.

जगबुडीनंतरच्या कथा वाचताना मला ही कमाई आठवते. शहरं ओस, अन्न संपत आलेलं, आणि बाप शेवटचा घास पोराला भरवतोय. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये याचं गणित मांडलं: मुलात आपली निम्मी जनुकं असतात, म्हणून त्याच्यासाठी झीज सोसणारा स्वभाव पिढ्यानपिढ्या टिकतो. गणित बरोबर आहे, पण घास भरवणाऱ्या हाताला ते ठाऊक नसतं. फिलिपिन्समधल्या सेबूच्या तरुणांवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. बाप झाल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलं होतं, आणि रोज तीन तासांहून जास्त वेळ मुलांचं करणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होतं. न्हाऊमाखू घालता घालता बापाचं शरीरही बदलत असावं.

तरी या कथा एके ठिकाणी चुकतात, असं मला मनापासून वाटतं. त्यांत देणारा फक्त बाप असतो आणि पोर म्हणजे पाठीवरचं ओझं. १८४६ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या सिएरा नेव्हाडा डोंगररांगेच्या बर्फात कॅलिफोर्नियाला निघालेल्या स्थलांतरितांची डॉनर टोळी अडकली. ऐंशीहून अधिक माणसं, जवळपास निम्मी दगावली. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रेसन यांनी कोण गेलं, कोण राहिलं ते तपासलं, तर ऐन तारुण्यातले एकटे पुरुष बहुतेक गेलेले. ज्यांचं कुटुंब सोबत होतं, ते जास्त तगले.

आपल्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. इथे पुण्यात आम्ही टीव्हीसमोरून हललो नव्हतो. चिखलाच्या ढिगाऱ्यातून बचावपथकाला तीनेक महिन्यांच्या बाळाचं रडणं ऐकू आलं. आवाजाच्या रोखाने उकरलं, आणि बाळासोबत त्याची आईही जिवंत बाहेर आली.