पिल्लाला एकच गोटी लागतेय हाताला? सहा महिन्यानंतर वाट बघू नका

सांगली जिल्ह्यात जतकडं कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याचं पिल्लू घ्यायला गेलं की लोक सगळं बघतात, पाय किती लांब, छाती किती खोल, तोंड किती निमुळतं, आईबाप पळायला कसे आहेत, पण पिल्लाला उताणं धरून मागच्या पायात दोन्ही गोट्या आहेत का हे कोण बघतच नाही. सांगलीच्या विश्रामबागेत पॉमेरेनियन कुत्रं नाहीतर पर्शियन मांजर घेणाऱ्यांचं पण तेच. मग वर्षभरानं लसीला नेल्यावर डॉक्टर सांगतात, एकच आहे, दुसरी उतरलेली नाही.

उतरलेली नाही म्हणजे ती आतच कुठंतरी आहे. पिल्लू आईच्या पोटात असतं तेव्हा वृषणं, म्हणजे या गोट्या, किडनीजवळ तयार होतात आणि तिथून एक पट्टा त्यांना मागं जांघेकडं आणतो, वृषणातूनच निघणाऱ्या हार्मोन्समुळं हा पट्टा आधी फुगतो आणि नंतर आखडतो. कुत्र्यात जन्मानंतर तीन-चार दिवसांत वृषण जांघेतल्या फटीतून बाहेर येतं आणि साधारण 35 दिवसांपर्यंत पिशवीत पोचतं, बोक्यात तर बहुतेक वेळा जन्मतानाच खाली असतं. म्हणजे 8 आठवड्यांच्या पिल्लाला दोन्ही हाताला लागायलाच हव्यात. काहींना उशीर होतो, घाबरल्यावर किंवा थंडीनं त्या वर पण ओढल्या जातात, म्हणून डॉक्टर 6 महिन्यांपर्यंत थांबायला सांगतात, पण तोपर्यंत फट आवळलेली असते, पुढं थांबून काही उतरत नाही. जास्त करून उजवीच अडकते, कारण कुत्र्याची उजवी किडनी डावीपेक्षा पुढं असते आणि उजव्या वृषणाला लांबून यावं लागतं.

आत राहिली तर काय बिघडलं असं बरेच जण म्हणतात, तर बिघडतं ते असं. कुत्र्याच्या शरीराचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं आणि वीर्यातले शुक्राणू तयार व्हायला त्यापेक्षा काही अंश गारवा लागतो, पिशवी बाहेर लोंबते ती त्यासाठीच. आतल्या उष्णतेत शुक्राणू बनत नाहीत, टेस्टोस्टेरॉन मात्र बनत राहतं. म्हणून दोन्ही आत असलेला कुत्रा पिल्लं देऊ शकत नाही तरी माजावरच्या कुत्रीमागं पळतो, मारामाऱ्या करतो.

बोक्यात हे ओळखायची एक फार भारी खूण आहे. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात आणि ते टेस्टोस्टेरॉनवरच टिकतात, खच्चीकरण झाल्यावर काही आठवड्यांत जातात. ऑपरेशन झालंय म्हणून दत्तक घेतलेला बोका भिंतीवर उग्र वासाचं मुतत असेल तर डॉक्टरांना काटे बघायला सांगा, असतील तर एक वृषण आत राहिलेलं असू शकतं.

सगळ्यात मोठी भीती कॅन्सरची. आत राहिलेल्या वृषणात गाठ व्हायचा धोका कुत्र्यात साधारण 9 ते 14 पट जास्त धरतात. त्यातली सर्टोली पेशींची (वृषणातल्या शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींची) गाठ कधी कधी इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन सोडते, मग नर कुत्र्याची स्तनं सुजतात, दोन्ही कुशीवरचे केस सारखेच झडतात, आणि फार झालं तर हाडातला रक्त बनवणारा मगज दबतो आणि रक्त कमी होऊन कुत्रा जातो. लोक आधी त्वचेचं औषध लावत बसतात. शिवाय असं वाढलेलं वृषण पोटात पीळ खाऊ शकतं, तेव्हा कुत्रा अचानक कळवळतो आणि लगेच ऑपरेशन करावं लागतं.

इंजेक्शननं खाली येईल असं कोणी सांगितलं तर त्यात पैसे घालू नका, त्याचा भरवसा नाही. उपाय ऑपरेशनच, आणि दोन्ही काढायची. फक्त खालची सोपी काढून आतली तशीच ठेवणं सगळ्यात वाईट, कारण धोका आतलीतच आहे. आतली जांघेत आहे की पोटात हे हातानं नाहीतर सोनोग्राफीनं बघतात. गावात सोय नसेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथं विचारा. तरुण वयात केलं तर कुत्रा लवकर बरा होतो.

एक खाली असली तरी कुत्री गाभण राहते म्हणून जातिवंत कुत्रा तसाच कुत्रीला लावतात, हे मात्र कृपा करून थांबवा. हा दोष वंशातून येतो, आणि आईकडून पण येतो, जिच्यात तो दिसायचा प्रश्नच नाही. म्हणून पिल्लू घेताना बापाला नीट बघा आणि त्याच कुत्रीच्या मागच्या वेतातल्या नर पिल्लांचं काय झालं ते पण विचारा.