आरोग्य संशोधनाचा खर्च आणि गुन्ह्यांचे आकडे: मुंबईत माहिती अधिकाराचा अर्ज कसा करावा

‘आरोग्य संशोधनावर गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला?’ एवढेच अर्जात लिहिले की बहुतेकदा एका ओळीचे उत्तर येते: ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ उत्तर चीड आणणारे आहे, पण बऱ्याचदा कायद्यात बसणारे आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जे अभिलेखात आहे तेच कार्यालयाने द्यायचे. एखादी माहिती ठेवणे दुसऱ्या नियमाने बंधनकारक नसेल, तर ती अर्जदारासाठी नव्याने गोळा करण्याची सक्ती नाही. ‘का केले’, ‘योग्य आहे का’ असे प्रश्नही याच कारणाने परत येतात. म्हणून अर्जात कागद मागावा. त्या कागदाला कार्यालयात काय म्हणतात आणि तो कोणाच्या ताब्यात असतो, हे आधी शोधण्यात घालवलेला एक दिवस पुढचे तीन महिने वाचवतो.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावाने करू नका. स्वतःचे नाव आणि पत्ता लिहा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही, माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. खिडकीवर कारण विचारले तर हे कलम दाखवा.

कार्यालय नेमके कोणाचे?

सर्वाधिक अर्ज इथेच अडतात. परळ-लालबागच्या एका टापूत तीन वेगवेगळ्या सरकारांच्या संस्था आहेत. केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय महानगरपालिकेचे. नायर, सायन आणि कूपरही तिचेच. हाफकिन संस्था राज्य शासनाची, तसेच भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय. केईएमच्याच आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी मात्र भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे केंद्राची. परळचीच प्रजनन व बाल आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही त्याच परिषदेची. टाटा मेमोरियल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली येते.

हा फरक महत्त्वाचा, कारण शुल्क आणि नियम त्यावर ठरतात. राज्य शासन आणि महापालिकेसाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवला की काम होते. केंद्राच्या संस्थेला तो चालत नाही. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट, रोख किंवा ऑनलाइन भरणा लागतो. राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा, केंद्राच्या नियमांत मर्यादा ५०० शब्दांची. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर महापालिकेचा अर्ज टाकला तर तो परत येतो आणि १० रुपये बुडतात. राज्याचे ऑनलाइन पोर्टल वेगळे आहे. त्याच्या यादीत तुमचे कार्यालय दिसत नसेल तर सरळ कागदी अर्ज करा.

एकाच सरकारच्या चुकीच्या विभागाकडे अर्ज गेला तर जन माहिती अधिकाऱ्याने (अर्जाला उत्तर देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने) तो कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ म्हणून अर्ज परत देणे नियमाला धरून नाही.

संशोधनाच्या पैशाचा माग

हा पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट अर्थसंकल्पाची. केंद्र आणि राज्य दोघांच्याही अर्थसंकल्पात वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचे प्रधान शीर्ष, म्हणजे खर्चाचे मुख्य खाते, २२१० आहे. त्याखाली ०५ म्हणजे वैद्यकीय शिक्षण, प्रशिक्षण व संशोधन, आणि ०६ म्हणजे सार्वजनिक आरोग्य. इमारत आणि यंत्रसामग्रीचा भांडवली खर्च ४२१० खाली जातो. तो विसरला तर नवी प्रयोगशाळा हिशोबात दिसतच नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तीन आकडे असतात: अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्षाचा आकडा दोन वर्षांनी छापला जातो, म्हणजे २०२३-२४ चा खरा खर्च २०२५-२६ च्या पुस्तकात. वर्तमानपत्रात येते ती तरतूद. तरतूद म्हणजे खर्च नव्हे. राज्याच्या शीर्षांवर किती निधी वाटला आणि किती खर्ची पडला हे ‘बीम्स’ प्रणालीवर अर्जाशिवाय पाहता येते. आधी ते पाहा, मग जिथे खड्डा दिसतो त्याच शीर्षाबद्दल अर्ज करा.

दुसरी वाट प्रकल्प अनुदानाची. केंद्रीय परिषद किंवा विभाग एखाद्या महाविद्यालयातील प्रकल्पाला पैसे देतो, तेव्हा मंजुरीपत्र निघते, वर्षाअखेर खर्चाचे विवरणपत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) जाते. केंद्रीय अनुदानाचे हे प्रमाणपत्र २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नमुना १२-अ मध्ये असते आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचे असते. अनुदानावर मिळालेले व्याजही केंद्राच्या संचित निधीत परत करायचे असते. म्हणून हिशोब तपासणाऱ्याला प्रमाणपत्राची तारीख, अखर्चित शिल्लक आणि व्याज हे तीन रकाने सगळ्यात जास्त सांगतात. महाविद्यालयाकडून कागद मिळेना, तर पैसे देणाऱ्या संस्थेकडे त्याच प्रमाणपत्राची प्रत मागा. एक प्रत तिच्याकडे असतेच.

औषध चाचण्यांबाबत आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे अशा चाचण्यांची देशपातळीवरची नोंदवही, पाहा. १५ जून २००९ पासून तिथे नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक, प्रायोजक आणि कोणत्या रुग्णालयात चाचणी झाली, हे तिथे खुले असते. अर्जात नोंदणी क्रमांक टाकला की ‘कोणत्या प्रकल्पाची माहिती हवी ते स्पष्ट होत नाही’ हे उत्तर देता येत नाही. खासगी प्रायोजकाच्या कराराची प्रत मागितली तर कलम ११ लागते: अधिकारी प्रायोजकाला नोटीस देतो, त्याला म्हणणे मांडायला १० दिवस मिळतात, आणि निर्णयाची मुदत ४० दिवसांपर्यंत जाते. कराराऐवजी संस्थेच्या खात्यात जमा झालेल्या रकमेची खतावणीतली (खातेवहीतली) नोंद मागितली तर हा फेरा बहुधा टळतो.

महापालिकेच्या महाविद्यालयासाठी मजकूर असा बसतो:

‘विषय: संशोधन प्रकल्पांचा निधी. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५. (१) या काळात बाहेरील संस्थांनी मंजूर केलेल्या संशोधन प्रकल्पांच्या मंजुरीपत्रांच्या प्रती. (२) प्रत्येक प्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र व खर्चाचे विवरणपत्र. (३) ३१ मार्च २०२५ रोजीची अखर्चित शिल्लक दाखवणाऱ्या खतावणी पानांच्या प्रती. संगणकीय स्वरूपात उपलब्ध असल्यास ई-मेलने द्यावे. वैयक्तिक माहितीचा भाग कलम १० खाली वगळून उर्वरित द्यावे.’

शेवटचे वाक्य गाळू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण देऊन नकार देणे सोपे झाले आहे. हा बदल नागरिकांच्या हिताचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कलम ८(२) मधला व्यापक जनहिताचा आधार मात्र शिल्लक आहे; अपिलात तोच मांडायचा.

गुन्ह्यांचे आकडे

इथे अर्ज लिहिण्याआधी मोजण्याची पद्धत कळायला हवी, नाहीतर मिळालेला आकडा चुकीचा वाचला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल ‘क्राइम इन इंडिया’ मुख्य गुन्ह्याचा नियम वापरतो: एका प्रथम खबरी अहवालात (एफआयआर) खून आणि जबरी चोरी दोन्ही असतील तर मोजला जातो फक्त खून. म्हणून पोलीस ठाण्यातल्या कलमनिहाय नोंदी आणि अहवालातला आकडा जुळत नाही. दोन्ही खरे असू शकतात.

हद्दीचाही घोळ होतो. लोकलमध्ये किंवा फलाटावर झालेली चोरी मुंबई पोलिसांच्या आकड्यात येत नाही. ती लोहमार्ग पोलिसांकडे नोंदली जाते आणि त्यांचे आयुक्तालय वेगळे आहे. मीरा-भाईंदर, ठाणे, नवी मुंबई हीदेखील स्वतंत्र आयुक्तालये. रेल्वेरुळांवरचे मृत्यू हा मुंबईच्या सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न आहे, पण त्याचे आकडे महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे मागून उपयोग नाही. लोहमार्ग पोलिसांकडे मागा. अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचा राष्ट्रीय अहवालही गुन्ह्यांच्या अहवालापासून वेगळा निघतो.

२०२४ चे वर्ष फार जपून मागावे लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फसवणुकीचे ४२० आता ३१८(४), निष्काळजीपणाने मृत्यूचे ३०४-अ आता १०६(१). शिवाय गुन्हा जुलैपूर्वी घडला आणि नोंद नंतर झाली, तर कलम जुनेच लागते. अर्जात दोन्ही कायद्यांची कलमे लिहिली नाहीत तर अर्ध्या वर्षाचा आकडा हाती येतो आणि गुन्हे निम्म्यावर आल्याचा भास होतो. सोनसाखळी ओढण्याचे उदाहरण आणखी बोलके आहे: ‘हिसकावणे’ हा न्याय संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झाला, पूर्वी तो चोरीत किंवा जबरी चोरीत मोजला जाई. त्यामुळे २०२३ ची आणि २०२५ ची जबरी चोरी थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.

‘दाखल’, ‘उघड’ आणि ‘दोषारोपपत्र दाखल’ हे तीन वेगळे रकाने मागा. ‘उघड’ म्हणजे संशयित सापडला, न्यायालयात काय झाले ते त्यात नसते. राज्याची एकत्रित आकडेवारी पुण्याचा गुन्हे अन्वेषण विभाग तयार करतो, तेव्हा राज्यभराची माहिती क्रॉफर्ड मार्केटच्या मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे मागू नका.

‘तपास चालू आहे’ म्हणून कलम ८(१)(ज) खाली नकार आला तर तो तसाच मान्य करायचा नाही. तपास चालू असणे पुरेसे नाही, माहितीमुळे तपासात अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग प्रकरणात २००७ मध्ये सांगितले आहे. नुसत्या संख्येने तपासाला बाधा येत नाही, हे अपिलात लिहा.

अर्ज देताना

राज्याच्या कार्यालयांसाठी जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना वापरा. त्यात नाव, पत्ता, विषय, कालावधी, वर्णन, आणि माहिती टपालाने हवी की प्रत्यक्ष, एवढे रकाने आहेत. दारिद्र्यरेषेखाली असल्यास दाखल्याची प्रत जोडा, शुल्क लागत नाही. बाकी कागदपत्रे कायद्याने लागत नाहीत. आरोग्य आणि गुन्हे असे दोन विषय असतील तर दोन अर्ज, दोन स्टॅम्प. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या; टपालाने पाठवल्यास स्पीड पोस्टची पावती जपा. पुढची सगळी मुदत या तारखेवरून मोजली जाते.

उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींसाठी पानाला २ रुपयांप्रमाणे रक्कम भरण्याचे पत्र आले तर त्या पत्रापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस या मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर कलम ७(६) प्रमाणे ती विनामूल्य द्यायची असते. तेव्हा पैशाची मागणी आली तर लेखी हरकत घ्या. कागद खूप असतील तर प्रतींऐवजी अभिलेख पाहणी मागा. पहिला तास मोफत असतो. राज्याच्या नियमांप्रमाणे पाहणीला फक्त पेन्सिल नेता येते, पेन अधिकाऱ्याकडे ठेवावे लागते.

उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत पहिले अपील. राज्यात जोडपत्र ‘ब’ आणि २० रुपयांचा स्टॅम्प, केंद्रात शुल्क नाही. निर्णय ३० दिवसांत, जास्तीत जास्त ४५. त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील: महापालिकेसाठी राज्य माहिती आयोगाच्या बृहन्मुंबई खंडपीठाकडे, केंद्राच्या संस्थेसाठी दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या खिशातून जातो. अपिलात ‘दंड करावा’ एवढे लिहून भागत नाही. अर्जाची, पोचेची आणि उत्तराची तारीख मांडून किती दिवस उशीर झाला तो आकडा द्या. दुसरे अपील सुनावणीला यायला फार काळ लागतो, म्हणून ते दाखल करून थांबू नका. नाकारलेल्या कागदांपैकी सगळ्यात सोपा कागद, बहुधा एकाच प्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र किंवा एका पोलीस ठाण्याचा एका महिन्याचा गुन्हे तक्ता, नव्या अर्जाने त्याच आठवड्यात मागा.