कायमनिधी, प्रायोजक आणि सीएसआर : जिल्ह्यातल्या संग्रहालयांच्या पैशाची पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या गावचे एखादे वस्तुसंग्रहालय चालवणारे विश्वस्त आज पैशासाठी कंपन्यांकडे जातात, तेव्हा अर्जाच्या विषयात बहुधा 'प्रायोजकत्व मिळण्याबाबत' असे लिहिलेले असते. अर्ज तिथेच अडतो. या एका शब्दाने किती नुकसान होते, हे कळायला पैसा आजवर कुठल्या वाटेने येत होता ते पाहावे लागते.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. नागपूरचा अजब बंगला १८६३ चा, सरकारी. औंधच्या अधिपतींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले, ते संस्थानच्या बळावर. धुळ्याला १९२७ मध्ये इतिहास संशोधकांची संस्था निघाली. तिचा आधार समाज होता. पुढे व्यक्तींनी आयुष्यभर जमवलेले संग्रह आले. पुण्यातला दिवे, अडकित्ते, वाद्ये यांचा प्रसिद्ध संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाला दिला गेला. तेरच्या पांढरीच्या टेकाडांत सापडलेल्या सातवाहनकालीन वस्तू गावातल्याच एका गृहस्थाने जपल्या. त्याही आज शासकीय संग्रहालयात आहेत. संग्रह सरकारजमा झाला की पगाराची काळजी मिटते, पण साधी काचपेटी बदलायलाही मंजुरीची वाट पाहावी लागते. म्हणून अनेक संस्थांनी तो मार्ग घेतला नाही. त्या विश्वस्त संस्था म्हणूनच राहिल्या आणि कायमनिधीवर जगल्या.

मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर संस्था चालवायची, ही आपल्याकडच्या वाचनालयांची, व्याख्यानमालांची आणि संग्रहालयांची जुनी रीत. १९९० च्या दशकाच्या मध्यात बँकेतल्या मुदत ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. १० लाखांच्या निधीवर महिन्याला १० हजार रुपये सुटत. त्यात पहारेकऱ्याचा पगार आणि विजेचे बिल भागून थोडे उरत असे. २०२० मध्ये दर साडेपाच टक्क्यांच्या घरात आले. तेवढ्याच मुद्दलावर महिना साडेचार हजार. तोवर पगार कितीतरी पटींनी वाढले होते.

नेमक्या याच काळात कंपन्यांचा पैसा आला. २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १३५ आणि सातवे परिशिष्ट १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा काही भाग समाजोपयोगी कामांवर खर्च करायचा, हा सीएसआर म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा नियम या कलमात आहे, आणि त्या कामांचे विषय परिशिष्टात आहेत. परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे जतन स्पष्टपणे नमूद असल्याने संग्रहालयांना मोठी आशा वाटली. १८ जून २०१४ च्या केंद्रीय परिपत्रकाने ती वाढवली. परिशिष्टातले विषय उदारपणे वाचावेत, असे त्यात म्हटले होते. शिवाय परिशिष्टातल्या एखाद्या विषयासाठीच उभारलेल्या कायमनिधीला दिलेली रक्कमही सीएसआरमध्ये धरली जाईल, असे होते. म्हणजे जुनी रीत आणि नवा पैसा यांची गाठ पडली होती.

ती फार टिकली नाही. २२ जानेवारी २०२१ ला नियम बदलले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुलासा आला, की कायमनिधीला दिलेली रक्कम यापुढे सीएसआर खर्च मानली जाणार नाही. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पैसा एखाद्या ट्रस्टच्या ठेवीत नेऊन ठेवायचा आणि तो खर्च झाला असे दाखवायचे, ही पळवाट होती. ती बंद व्हायलाच हवी होती. पण शाळेची खोली बांधून झाली की प्रकल्प संपतो, संग्रहालय तसे संपत नाही. पावसाळ्यात पोथ्यांना बुरशी दरवर्षी लागते, कापडाला कसर दरवर्षी लागते. चालू प्रकल्पाला नियमांत मुदत आहे ती सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची. चौथ्या-पाचव्या वर्षी वस्तूंची निगा कोण राखणार, याचे उत्तर या नियमांत नाही. पळवाट बुजवताना लहान संग्रहालयांचा विचार वेगळा करता आला असता, असे मला ठामपणे वाटते.

आता तो शब्द. आपल्याकडे प्रायोजक हा शब्द नाटकाच्या प्रयोगातून, गणेशोत्सवाच्या मांडवातून आणि स्मरणिकेतून आला. स्मरणिकेत देणगीदार आणि जाहिरातदार शेजारी शेजारी छापले जातात, त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. कायदा मात्र दोघांना वेगळे काढतो. २०१४ च्याच परिपत्रकाने एकवेळचे कार्यक्रम, जाहिराती आणि दूरचित्रवाणीवरची प्रायोजित मालिका यांना सीएसआरबाहेर ठेवले. २०२१ च्या नियमांनी आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी केलेले प्रायोजकत्व थेट व्याख्येतूनच वगळले. त्यामुळे 'प्रायोजकत्व' म्हटले की कंपनीतला सीएसआर विभाग कागद जाहिरात विभागाकडे सरकवतो, आणि जाहिरात विभागाला तालुक्याच्या गावातल्या वीरगळांमध्ये रस असण्याचे कारण नसते.

जीएसटीतही हाच भेद आहे. ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दालनाच्या दारावर देणगीदाराचे नाव कृतज्ञतेपोटी लावले, त्यातून व्यवसायाची जाहिरात होत नसेल, तर त्या देणगीवर कर नाही. 'कै. आईंच्या स्मरणार्थ' ही पाटी करमुक्त. दुकानाचा पत्ता, बोधचिन्ह आणि मालाची यादी असलेला फलक ही सेवा झाली, म्हणजे त्यावर कर.

मुंबईत भायखळ्याच्या १८७२ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयाचा दाखला या चर्चेत हमखास दिला जातो. उद्योगघराण्याच्या प्रतिष्ठानाच्या मदतीने त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडले. तो व्यवहार सीएसआर कायद्याच्या आधीचा, २००३ च्या त्रिपक्षीय कराराचा होता, आणि त्यातला एक पक्ष मुंबई महापालिका होती. जिल्ह्याच्या गावाला मुंबईची पालिका कुठून मिळणार? शिवाय कायद्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य आहे, आणि कारखान्यांची मोठी दाटी पुणे, ठाणे, रायगड या पट्ट्यात. धाराशिव किंवा नंदुरबारच्या वाट्याला काय येणार, ते उघड आहे.

त्यामुळे सध्या काही विश्वस्त मागणी दोन भागांत करू लागले आहेत. काचपेट्या, आर्द्रता रोखणारी यंत्रे, मोडी कागदांचे स्कॅनिंग यांसाठी कंपनीकडे प्रकल्प अहवाल. आणि कायमनिधीसाठी गावातले, मुंबई-पुण्यात किंवा परदेशात स्थिरावलेले लोक, ज्यांच्याकडून 'कायमनिधीसाठी' असे स्पष्ट लिहिलेले पत्र घेतले जाते. पहारेकऱ्याचा पगार मात्र अजूनही या दुसऱ्या भागातूनच निघतो.