गावच्या माणसाचा सरकारी सन्मान : पार्श्वभूमी

पद्म पुरस्कारांची यादी 25 जानेवारीला जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आटोपलं की तालुक्याच्या गावी एकच विचारणा सुरू असते : आपल्या भागातलं कुणी आहे का? अलीकडे या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर येऊ लागलं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, देशी बियाणं जपणाऱ्या शेतकरी महिला, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात जंगल राखणारे कार्यकर्ते, कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची चित्रकथी ही कला टिकवणारे कलावंत अशी नावं गेल्या काही वर्षांत या यादीत आली. हे आपोआप घडलेलं नाही.

फार मागे जायचं तर जोतीराव फुल्यांचे दोन सत्कार शेजारी ठेवावेत. 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सरकारने त्यांना शाळांच्या कामाबद्दल शाली देऊन गौरवलं. 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जमलेल्या लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटलं. पहिला सत्कार चरित्रग्रंथांत उरला, दुसरा नावाला कायमचा जोडला गेला. त्यानंतरच्या काळात सरकारदरबारी चलती होती ती रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर, खानबहादूर या किताबांची. अधिकाऱ्यांच्या मर्जीशिवाय तिथे नाव पोचत नसे. 1920 च्या असहकारात अनेकांनी हे किताब परत केले आणि स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम 18 ने तो अध्यायच बंद केला : लष्करी किंवा विद्याविषयक मानाखेरीज राज्यसंस्था कुणालाही किताब देणार नाही.

खरा पेच इथून पुढे सुरू होतो, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. कलम 18 लागू होऊन चार वर्षं झाली नाहीत तोच, 2 जानेवारी 1954 रोजी केंद्र सरकारने भारतरत्न आणि तीन वर्गांचं पद्मविभूषण सुरू केलं. पुढच्याच वर्षी या तीन वर्गांना पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री अशी नावं मिळाली. किताब बंद करणाऱ्या राज्यानेच श्रेणी लावून मान वाटायचे, हे अनेकांना खटकलं. 1969 मध्ये एका ज्येष्ठ खासदारांनी हे सन्मान रद्द करण्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक आणलं; ते फेटाळलं गेलं. 1977 मध्ये नव्या सरकारने सन्मानच बंद केले. 1980 मध्ये सरकार बदललं आणि ते पुन्हा सुरू झाले.

1992 मध्ये प्रकरण केरळ आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांत गेलं. प्रश्न एकच होता : पद्म सन्मान हा किताब आहे की नाही? पुढची काही वर्षं पद्म पुरस्कार जाहीरच झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 15 डिसेंबर 1995 रोजी निकाल दिला. संविधान समतेचं आहे, पण म्हणून चांगल्या कामाची दखल घेऊ नये असं ते म्हणत नाही. उलट 51 क या कलमातल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये प्रत्येक क्षेत्रात उत्कृष्टतेकडे झेपावण्याची अपेक्षा आहेच. त्यामुळे हे सन्मान वैध. मात्र ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत, आणि लावले तर सन्मान काढून घेता येईल.

या निकालातली ही अट सगळ्यांना ठाऊक असते आणि सर्रास मोडलीही जाते. लग्नपत्रिकेत, कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर, सूत्रसंचालकाच्या तोंडी ‘पद्मश्री अमुक’ येतंच. सन्मानित माणूस अनेकदा संकोचतो, पण आयोजक ऐकत नाहीत. ही किरकोळ बाब आहे असं मला वाटत नाही. नावापुढे लागला की सन्मान कामाचा राहत नाही, माणसाच्या दर्जाचा होतो, आणि कलम 18 ला नेमकं तेच नको होतं.

निकालाचा दुसरा भाग मात्र फारसं कुणी वाचत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. निवडीचे निकष फार ढोबळ आहेत आणि त्यामुळे सन्मानांचं अवमूल्यन होतं, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. निवडीसाठी उच्चस्तरीय समिती नेमावी, असं सुचवलं. एका न्यायाधीशांनी तर वर्षाला एकूण 50 च्या वर सन्मान नकोत, असं वेगळं मत नोंदवलं. आजची मर्यादा 120 आहे; मरणोत्तर आणि परदेशस्थ मानकरी त्यात धरलेले नाहीत.

2017 च्या पुरस्कारांपासून शिफारशी ऑनलाइन आल्या आणि कुणाही नागरिकाला कुणाचंही, अगदी स्वतःचंही, नाव सुचवता येऊ लागलं. त्याआधी नावं मुख्यतः मंत्री, राज्य सरकारं, खाती यांच्याकडून जात. आता अर्जात कामाचं वर्णन जास्तीत जास्त 800 शब्दांत द्यावं लागतं. नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रपती भवनात सन्मान स्वीकारणाऱ्या कोंभाळण्याच्या त्या बाई शाळेत गेलेल्या नाहीत. कोणती वेल कधी लावायची, कोणतं वालाचं बियाणं किती दिवस टिकतं, हे त्यांना तोंडपाठ. पण अशा माणसाचे ते 800 शब्द दुसऱ्या कुणीतरी बसून लिहावे लागतात. ज्या गावात असं लिहिणारं कुणी नाही, तिथल्या कामाचं नाव अजूनही दिल्लीला जात नाही.

पद्म सन्मानासोबत सनद आणि पदक मिळतं. रोख रक्कम नाही, रेल्वेची किंवा विमानाची सवलतही नाही. राज्याची रीत वेगळी. समाजकल्याण खात्याचा जुना दलितमित्र पुरस्कार, जो पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा समाजभूषण पुरस्कार झाला, त्याच्या मानकऱ्यांना एसटीत मोफत प्रवास आहे. वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्त्याला हा पास पदकापेक्षा जास्त उपयोगाचा.

सगळ्यात नवा आणि सगळ्यात खालचा टप्पा 2023 चा. राज्य सरकारने प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन कर्तबगार महिलांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने, त्यांच्या जयंतीला म्हणजे 31 मे रोजी गौरवायचं ठरवलं : सन्मानपत्र, शाल, श्रीफळ आणि रोख 500 रुपये. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत, म्हणजे एका दिवसात पन्नास हजारांवर सत्कार. संख्या पाहून नाक मुरडणारे आहेत. मला उलट हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण बालविवाह थांबवणारी अंगणवाडी सेविका किंवा रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणारी आशाताई खरंच ते करते का, हे गावाला विचारावं लागत नाही. गाव ते रोज बघतं.

पण गट-तट, भाऊबंदकी आणि सरपंचाच्या घरचं माणूस हेही गावातच असतं. निकष ढोबळ असल्याची 1995 ची तक्रार दिल्लीपेक्षा इथे जास्त लागू पडते. दोन नावं कोणी सुचवली, का निवडली आणि बाकीची कोणती विचारात होती, एवढं ग्रामसभेत वाचून दाखवून फलकावर लावायला वेगळा निधी लागत नाही, त्यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहायचीही गरज नाही.