बाष्पीभवन (पाणी उडणं)

द्रव न उकळता, नुसत्या वरच्या पृष्ठभागावरून हळूहळू हवेत निघून जातो त्याला बाष्पीभवन म्हणतात, बोलीभाषेत पाणी उडणं. उकळणं वेगळं, ते ठरलेल्या तापमानालाच होतं (नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच, म्हणून इथं पाणी १०० च्या जरा आधीच, ९९ अंशांना उकळतं) आणि त्यात बुडबुडे आतून येतात. उडायला मात्र कोणतंही तापमान चालतं, डिसेंबरच्या थंडीत गच्चीवर टाकलेली जीन्सपण वाळतेच ना.

कारण असं की पाण्यातले सगळे रेणू एकाच वेगानं पळत नाहीत, काही सुस्त तर काही एकदम सुसाट, आणि पृष्ठभागाजवळचा एखादा सुसाट रेणू बाकीच्यांची ओढ तोडून निसटतो. जास्त ऊर्जावाले गेले की मागं सुस्त उरतात, म्हणजे उरलेलं पाणी थंड होतं. १ ग्रॅम पाणी ३० अंशांना उडायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, तेच पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला फक्त १००! स्पिरिटच्या रेणूंची एकमेकांवरची पकड ढिली असते, म्हणून इंजेक्शनआधी लावलेलं स्पिरिट झटकन उडतं आणि दंड गार पडतो.

पण हवेतले पाण्याचे रेणू परत पाण्यात येतही असतात. हवा आधीच दमट असेल तर जाणारे-येणारे जवळपास सारखेच, मग कपडे दोन दिवस ओलेच. ऊन, वारा, कोरडी हवा आणि पसरट भांडं, चारही गोष्टी उडणं वाढवतात. परातीतलं पाणी लोट्यातल्यापेक्षा लवकर संपतं ते यामुळंच.

नागपूरचा कूलर पूर्ण याच हिशेबावर चालतो. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली तर कूलरची ओली ताटी (हवा जिच्यातून आत येते ती गवताची भिजवलेली जाळी) हवेला २३ अंशांच्या आसपासपर्यंत नेऊ शकते (प्रत्यक्षात तेवढं होत नाही, दोन-चार अंश जास्तच धरा), आणि तासाला ८ लिटर पाणी उडालं तर ते दीड टनाच्या एसीइतकी उष्णता शोषतं, टाकी दुपारपर्यंत रिकामी का होते ते कळलं असेल. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की हीच मर्यादा २९ वर येते. म्हणून पावसाळ्यात टुल्लू पंप (ताटीवर पाणी सोडणारा छोटा पंप) चालू ठेवून काही फायदा नाही, उलट खोली चिकट होते, आणि खिडकी-दार बंद करून कूलर लावणारे तर भर मे महिन्यात घरात जुलै आणतात. ओली हवा बाहेर जायला एक खिडकी थोडी उघडी पाहिजेच.

माठाचं गणितही तेच, पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरून बाहेर येतं आणि तिथं उडतं. उडतं ते फक्त पाणी, त्यातले क्षार मागंच राहतात. बोअरचं पाणी असेल तर महिनाभरात ताटीवर पांढरी खरखरीत पापडी धरते, आणि जुन्या माठाची छिद्रं याच क्षारांनी बुजून तो नव्यासारखा गार करत नाही.